तोंडातून निघणाऱ्या वस्तूबाबत

विषय : दात, जबडे आणि त्यांना लावण्यात येणाऱ्या तारा, पट्ट्या, रबरे व किल्ल्या यांच्या परिणामांबाबत.

संदर्भ : १) म्हैसूरच्या अग्रहारातील आमच्या दातांच्या दवाखान्याची आवक-जावक वही. २) पुरुषोत्तमाचार यांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून लिहिण्यात येते की, किस्से हे फायलींसारखे असतात. आणून ठेवताना कोणी दिसत नाही. टेबलावर एक असते, चहा पिऊन परत यावं तर चार!

मी भूमापन खात्यात कारकून म्हणून जन्म काढला. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, यापुढे कोणाच्या हद्दीच्या भानगडीत पडायचं नाही. दोन महिन्यांत बायको म्हणाली, "सुम्ने, उगाच घरात बसून मला सांबार शिकवताय. बाहेर पडा स्वल्प!" आमचं घराणं कधीकाळी म्हैसूरच्या घोडदळात आलेलं. घोडी गेली, मराठी राहिली, आणि तीही अशी अर्धी कन्नड.

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर मृणालताईंचा दवाखाना आहे. त्या नाशिककडच्या, नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीमुळे इथे आल्या. वाकडे दात सरळ करतात. त्यांची मराठी पुस्तकातली, पेशंट कन्नड, आणि आमच्यासारख्या जुन्या लोकांची भाषा दोन्हींच्या मधल्या बांधावरची. त्यांना दुभाषा हवा होता. मी सकाळी दहा ते एक बसू लागलो. नावनोंदणी करतो, आणि कोण काय म्हणालं ते कोणाला सांगतो. दातांच्या हद्दी सरकवण्याचा धंदा आहे हे मला बसल्यावर कळलं.

यातला पुरुषोत्तमाचाराचा मामला सोडला तर बाकी सगळं हसण्यावारी नेता येईल. त्याची जागा अडकली आहे. पण कागद क्रमाने लावलेले बरे.

*

पहिल्याच दिवशी आमच्या आळीतल्या सुंदराबाई मुलीला घेऊन आल्या. ताईंनी तपासलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. तार लावली की दात हळू हळू सरकतील."

सुंदराबाई माझ्याकडे बघू लागल्या.

"हळू हळू," ताई पुन्हा म्हणाल्या.

"अय्यो, ते कळलं!" सुंदराबाई म्हणाल्या. "पण कुठला हल्लु? बत्तीस आहेत. हल्लु हल्लु काय करता, नंबर सांगा!"

कन्नडमध्ये हल्लु म्हणजे दात. हे मी ताईंना समजावलं. तेव्हापासून त्या 'सावकाश' म्हणतात. तो शब्द दोन्हीकडे चालतो. आणि दोन्हीकडे त्यावर कोणाचा विश्वास नाही.

*

दात सरकतो म्हणजे नक्की काय होतं, हे मला बरेच दिवस समजत नव्हतं. माझी कल्पना अशी, की तार म्हणजे दोर. बंद पडलेली जीप ओढावी तसा दात ओढला जातो. एक दिवस ताईंना मोकळा वेळ होता. त्यांनी कागदावर चित्र काढलं.

"काका, दात हाडात रुतलेला असतो. तारेनं एका बाजूला हलका दाब आला की त्या बाजूचं हाड विरघळतं. मागे जागा सुटते, तिथे नवं हाड भरतं. असं करत दात पुढे जातो."

"म्हणजे दात आपल्या जागी उभा, आणि जमीन सरकते?"

"साधारण तसंच."

मी वही मिटली. सबंध नोकरीत हद्दीचा दगड सरकला म्हणून लोक तक्रारी करत आले. प्रत्येक दगडालगतच्या माणसाचं म्हणणं एकच : दगड हलला नाही, जमीन हलली. आम्ही त्यांना खोटं ठरवून परत पाठवलं. आता विचार केला, तर कोण खरं होतं ते कळेना!

"मग दाब जोरात का देत नाही? लवकर होईल."

"नाही हो. जोर केला तर तिथला रक्तपुरवठा दबतो, हाड अडून बसतं, आणि मुळाला इजा होते ती वेगळी. हलका दाब, पण सतत."

आमच्या मोठ्या साहेबांकडून सही घ्यायची पद्धत नेमकी हीच होती.

*

ही हलक्या दाबाची गोष्ट एका पुणेकर साहेबाला पटली नाही. इथे मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्यांना वरच्या दातातून खालच्या दाताला अडकवायची बारीक रबरं दिली होती. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. ती जबड्यांची मिळवणी करतात.

दीड महिन्यानं आले. ताईंनी तोंड उघडायला सांगितलं आणि स्वतःच तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या. वरच्या दातांची मधली रेघ नाकाखाली, खालच्या दातांची रेघ डावीकडे निघालेली.

"रबरं दोन्हीकडे लावत होतात ना?"

"उजवीकडचं सारखं तुटायचं. मीटिंगमध्ये उडून समोरच्याच्या लॅपटॉपवर पडलं एकदा! मग मी दोन्ही डावीकडेच लावली. एकूण फोर्स तेवढाच झाला ना?"

ताईंनी मला हाक मारली, "काका, तुम्ही बघा. मला भास होतोय का?"

मी चष्मा लावून पाहिलं आणि खात्याच्या भाषेत नोंद सांगितली, "नाक उत्तरेस. हनुवटी वायव्येस."

*

बारा वर्षांच्या एका मुलाची हनुवटी मागे होती. ताईंनी त्याला वर-खाली बसणारे दोन ठोकळे दिले. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे यायचा. मूल वाढीला लागलेलं असलं तर जबडा त्या नव्या जागी रुळतो. वर्षभरात पोराचा चेहरा असा बदलला, की रेशन दुकानदारानं विचारलं, "हा धाकटा का?"

हे पाहून शेजारचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलाला मिशा होत्या आणि लग्नाचं बघणं चाललं होतं. "यालाही तेच ठोकळे द्या."

मी ताईंचं म्हणणं समजावून सांगितलं. हाडाची वाढ थांबली, आता ठोकळ्यांनी जबडा पुढे यायचा नाही. ते वयातच करावं लागतं.

गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज खाली आणला.

"राव सार, तुम्ही सरकारी खात्यातले. किती वय लागतं तेवढं सांगा. तसा दाखला आणून देतो."

*

एच. डी. कोटे गावाहून एक कुटुंब यायचं. नऊ वर्षांची मुलगी, बाप आणि आजी. मुलीचा वरचा जबडा अरुंद. ताईंनी टाळ्याला एक यंत्र बसवलं. त्याच्या मधोमध स्क्रू आणि स्क्रूला बारीक किल्ली. रोज एकदा किल्ली फिरवली की यंत्र तीळभर रुंद होतं आणि जबड्याचे दोन भाग मधून दूर सरतात. त्या वयात ते पक्के जुळलेले नसतात.

"पुढच्या दोन दातांमध्ये फट पडेल," ताईंनी आधीच सांगून ठेवलं. "फट पडली की समजा, काम होतंय. नंतर ती आपोआप मिटते."

दोन आठवड्यांनी आले. फट नाही. काही नाही. ताईंनी स्क्रू तपासला, तो जागच्या जागी.

"किल्ली फिरवली नाहीत?"

बाप शपथ घेऊन म्हणाला, "रोज सकाळी फिरवतो! देवाची पूजा झाली की पहिलं तेच काम."

ताई गोंधळल्या. यंत्र बदलावं का म्हणून त्यांनी कपाट उघडलं. तेवढ्यात आजी कमरेचा जुडगा चाचपत म्हणाली, "सकाळी हा उघडतो. दिवेलागणीला मी बंद करते. किल्ली आहे, तर उघडं ठेवून झोपायचं कसं?"

नंतर किल्ली एकट्या बापाकडे गेली आणि फट पडली. मुलगी हसली तशी ताईंनी टाळी वाजवली, "छान! काय सुंदर फट आहे!" आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "या बाई डॉक्टरच आहेत ना, अल्ला?"

*

दात सरळ होऊन तारा निघाल्या की पेशंटला वाटतं, संपलं. मग ताई त्याच्या हातात पारदर्शक पट्टी ठेवतात. रिटेनर. जेवण सोडून दिवसभर आणि झोपेतही घालायची.

"हे का?" प्रत्येक जण विचारतो.

"दातांना जुनी जागा आठवते. धरून ठेवलं नाही तर परत जातात."

यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे बदली झालेले लोकही हेच करायचे.

तर शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम ही पट्टी घालून लग्नाला गेल्या. जेवणाच्या पंगतीत पट्टी काढून केळीच्या पानाच्या कडेला ठेवली, पायसम् खाल्लं, पान दुमडलं आणि हात धुवायला गेल्या. परत आल्या तर पंगत उठलेली, पानं गोळा झालेली.

मॅडमचे यजमान, दोन मेव्हणे आणि एक वाढपी, सगळ्यांनी पानांचा ढीग उपसला. वाढपी सारखा विचारत होता, "सोन्याची आहे का?" प्लास्टिकची म्हटल्यावर तो निघून गेला. अखेर धाकट्या मेव्हण्यानं विजयी मुद्रेनं पट्टी वर धरली. धुऊन मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी लावून पाहिली. बसेना. उलटी केली, बसेना. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या, की एका रात्रीत दात एवढे कसे सरकले?

ताईंनी पट्टी साच्यावर धरून पाहिली. मग माझ्याकडची वही मागवली. मग हळूच विचारलं, "लग्न कोणाचं होतं?"

पट्टी नवरदेवाची होती.

*

आता पुरुषोत्तमाचार.

हा तिशीतला माणूस एका मठाच्या पाठशाळेत वेद शिकवतो. मठाचं नाव लिहीत नाही. तिथे माझा अर्ज आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, उरलेल्या वेळात संस्कृत. मला मामा म्हणतो. स्मरणशक्ती अशी, की एकदा ऐकलं की झालं. पण बाजूचे दात एकमेकांवर चढलेले आणि पुढच्या दोघांमध्ये फट, त्यामुळे 'स' म्हटला की शिट्टी वाजायची. मठातल्या वृद्ध गुरुजींनी स्पष्ट सांगितलं, "वार्षिक सभेत मुख्य पाठकाची जागा तुझीच. पण हा 'स' घेऊन नव्हे." याच्या वडिलांना ती जागा याच शिट्टीपायी मिळाली नव्हती. दात वडिलांचेच आले.

तारा लावायच्या ठरल्या. पण तोंडात सतत धातू ठेवून पाठ कसा म्हणायचा? मडी, म्हणजे आपलं सोवळं, त्याला अडचण. गुरुजींनी ताईंना निरोप पाठवून विचारलं, "तार रोज निघते का?" ताई म्हणाल्या, चिकटवलेली असते, दोन वर्षं निघत नाही. गुरुजींनी निकाल दिला, "निघत नाही ते शरीर. चालेल."

एवढा स्वच्छ निकाल मी नोकरीत पाहिला नाही.

तारा लागल्या तशी जीभ अडखळू लागली. 'स'चा 'थ' झाला. समुद्राचा थमुद्र, सहस्राचं थहथ्र. ताई म्हणाल्या, सवय होईल. सवय होईपर्यंत पाठशाळेत नवीन वर्ग बसला होता. जसं ऐकाल तसंच म्हणा, एक मात्रा इकडची तिकडे नको, हा तिथला पहिला नियम. पोरांनी तो पाळला. दोन वर्षांनी आचाराच्या तारा निघाल्या. दात मोत्यासारखे, 'स' घंटेसारखा. पहिल्याच दिवशी तो वर्गात "समुद्र" म्हणाला, आणि एका चुणचुणीत शिष्यानं हात जोडून चूक दाखवली, "आचार, थमुद्र!"

तेही निस्तरलं. मग ताईंनी त्याच्या हातात पट्टी ठेवली, आणि आचार पट्टीकडे बघतच राहिला.

"ही निघते?"

"हो, जेवताना काढायची."

"मामा," तो माझ्याकडे वळला, "ही निघते!"

गुरुजींचा निकाल 'निघत नाही ते शरीर' एवढाच होता. निघतं त्याचं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. तोंडातून काढलेली वस्तू उष्टी. ती परत तोंडात घालून मंत्र म्हणायचा? हात लावला की हात उष्टा. पहाटेपासून दुपारपर्यंत पाठ, मग वर्ग. दर वेळी काढ-घाल करायची तर अर्धा दिवस स्नानात जाईल. ताईंनी दातांच्या मागे कायमची बारीक तार चिकटवून पाहिली. त्याचे वरचे-खालचे दात असे भिडतात, की ती दोनदा निघाली. "पट्टीच लागेल," ताई म्हणाल्या. "निदान सहा महिने दिवसभर. नाहीतर फट परत येणार."

फट आली की शिट्टी आली, शिट्टी आली की जागा गेली. आणि परवानगीवाचून पट्टी घातली तरी जागा गेली. गुरुजी म्हणाले, "हे माझ्या एकट्याच्या अधिकारातलं नाही. वर लेखी विचारा." तोपर्यंत आचार फक्त झोपताना पट्टी घालणार असं ठरलं.

लेखी म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं. मी झकास अर्ज लिहिला. कन्नडमध्ये, स्वच्छ अक्षरात : 'दात जागेवरून सरकू नये म्हणून तोंडात बसवायच्या वस्तूस अनुमती मिळणेबाबत.' आचारानं नेऊन दिला, पोचपावती आणली.

महिन्याभरानं मठाचं पोस्टकार्ड आलं. आचार ते वाचत दवाखान्यात आला. चेहरा पडलेला.

"मामा, विचारतात, पाल उजवीकडून पडली की डावीकडून?"

"पाल?"

"आणि तोंडात कशी गेली, ते कळवा म्हणतात. तोपर्यंत स्नान करून तुपाचा दिवा लावायचा."

मी माझी स्थळप्रत काढली. दात म्हणजे हल्लु. पाल म्हणजे हल्ली. एका उकाराच्या जागी एक वेलांटी! वडिलांनी लहानपणी मराठी पत्रांवर 'हल्ली मुक्काम म्हैसूर' लिहायची शिस्त लावली होती. हात तिकडेच वळला. सबंध अर्जात सात ठिकाणी पाल होती, आणि ती जागेवरून सरकू नये अशी माझी नम्र विनंती होती.

"दिवा लावू नकोस," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"लावला, मामा," आचार म्हणाला. "वरून उत्तर आलंय."

दुसरा अर्ज ताईंना दाखवून, सुंदराबाईंकडून मोठ्यानं वाचून घेऊन पाठवला. निकाल सोपा व्हावा म्हणून मी खाली तीन चौकटी आखल्या : सदर वस्तू शरीर समजावी, की भांडे समजावे, की दागिना समजावा? एकीवर खूण करावी. ही माझी दुसरी चूक. चौकटी तीन म्हणून अर्ज तीन ठिकाणी गेला. शरीराचं शास्त्रीबुवांकडे, भांड्याचं मुदपाकखान्याकडे, दागिन्याचं कोठीकडे. मुदपाकखान्यानं विचारलं, चिंच लावून घासून निखाऱ्यावर धरता येते का? ताईंनी कळवलं, निखाऱ्यावर वितळेल. मग ते भांडे नव्हे, असं लिहून त्यांनी कागद कोठीकडे दिला. कोठीनं लिहिलं, सोनं-चांदी नाही, सबब दागिना नव्हे. शास्त्रीबुवांनी गुरुजींचा जुना निकाल जोडला : निघत नाही ते शरीर. सदर वस्तू निघते.

तर ती नक्की काय आहे, हे ठरवायला तिन्ही अभिप्राय परत वर गेले आहेत. तसं कळवणारं दुसरं पोस्टकार्ड आलं.

आचार दर मंगळवारी दवाखान्यात येतो. माझ्यासमोर बसतो, "समुद्र" म्हणतो, आणि आम्ही दोघं कान देऊन ऐकतो. मग मी दोन दातांमध्ये कागद सरकवून बघतो. आधी पातळ कागदही जात नव्हता. नंतर वहीचं पान जाऊ लागलं. गेल्या मंगळवारी जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून मठाच्या दुसऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा लावून पाहिला. गेला.

वार्षिक सभा पुढच्या पौर्णिमेला आहे. अर्ज प्रलंबित आहे.